जुना ड्रायव्हर, नवा कर्नल: आयआरक्यूएफ डिसेबल्डच्या जागी काय लिहायचं?

नमस्कार मंडळी! पुण्यात प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की कमेंटमध्ये तीच एरर येते: ‘आयआरक्यूएफ डिसेबल्ड अनडिक्लेअर्ड’. ड्रायव्हर (डिव्हाइस चालवणारा कोड) जुना, लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) नवा, आणि नव्याला हे नावच माहीत नाही.

इंटरप्ट म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरला ‘माझ्याकडे बघ’ म्हणून दिलेली हाक, आणि ती आली की चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन म्हणजे हँडलर. पूर्वी एक हँडलर चालू असताना दुसरा इंटरप्ट मध्ये घुसू शकायचा. तो नको असेल तर हँडलर नोंदवताना आयआरक्यूएफ डिसेबल्ड हा फ्लॅग, म्हणजे एक पर्याय, द्यायचा. पण हँडलरवर हँडलर चढत गेले की स्टॅक (त्यांना लागणारी मर्यादित मेमरी) भरून जायची भीती. म्हणून २०१० साली, कर्नल २.६.३५ पासून, सगळेच हँडलर इंटरप्ट बंद ठेवून चालायला लागले. फ्लॅगला काम उरलं नाही. हळूहळू ड्रायव्हरांमधून तो काढला गेला आणि २०१५ मध्ये, ४.१ ला, त्याची व्याख्याच गेली. घाई न करता केलेली ही साफसफाई मला फार आवडते.

मग त्याच्या जागी काय? शून्य. रिक्वेस्ट आयआरक्यू, म्हणजे हँडलर नोंदवणारं फंक्शन, त्याचा तिसरा आर्ग्युमेंट, तिथे शून्य. बस.

पण नाही! जागा मोकळी दिसली की लोक आयआरक्यूएफ शेअर्ड टाकतात. का? शेअर्डचा अर्थ वेगळा आहे: ही इंटरप्टची लाइन दुसऱ्या डिव्हाइसबरोबर वाटून घेतोय. भोसरीतल्या एका कारखान्याच्या डेटा कार्डाचा ड्रायव्हर आमच्याकडे आला होता, त्यात कुणीतरी हेच केलेलं. शेवटचा आर्ग्युमेंट, म्हणजे डेव्ह आयडी (डिव्हाइसची ओळख), नल, म्हणजे रिकामा. शेअर्डला नल चालत नाही, कर्नल थेट ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून परत पाठवतो. आणि आयडी दिलात तरी सुटका नाही. आता तुमच्या हँडलरला दर वेळी स्वतःच्या कार्डाचं स्टेटस रजिस्टर बघून ‘हा इंटरप्ट माझा का?’ हे ठरवावं लागणार. जुन्या कोडमध्ये ती तपासणी असेलच असं नाही. मूळ कोडमध्ये शेअर्ड होता? मग तो राहू द्या. नव्हता? मग शून्य.

एका दादांनी विचारलंय, ‘फाइलच्या वर हा फ्लॅग स्वतःच डिफाइन करून एरर गप्प बसवली तर?’ कंपाइल होईल. पण पुढचा माणूस त्या फ्लॅगवर विसंबून कोड लिहील. नका करू.

शून्य टाकलंत की हँडलरच्या आतही बघा. मध्येच इंटरप्ट चालू करणारा जुना कॉल असेल तर तोही काढा, नाहीतर कर्नल लॉगमध्ये वॉर्निंग येईल. हँडलरचं काम लांबलचक असेल तर इंटरप्ट फार वेळ बंद राहू नयेत म्हणून ते रिक्वेस्ट थ्रेडेड आयआरक्यू हे फंक्शन वापरून वेगळ्या थ्रेडमध्ये न्या. ती सोय २००९ पासून आहे.