बाळाच्या जिभेवरचं मधाचं बोट

ही सहाण माझ्या आजीची. वेखंडाचे दोन वळसे, हळकुंडाचे दोन, जायफळाचा एकच. आणि गुटी कडू लागू नये म्हणून वरून मधाचं बोट. आज बोलायचंय ते या बोटाबद्दल.

मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेली त्याची टणक रूपं, असतात. आपल्या पोटात गेले तरी बिघडत नाही, आतड्यात आधीच इतर जिवाणूंची दाटी असते. वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं मात्र नव्या चाळीसारखं, बऱ्याच खोल्या रिकाम्या. हा तिथे बिऱ्हाड थाटतो आणि विष तयार करतो. हो, सुरकुत्यांवर कणभर टोचतात ते बोटॉक्स म्हणजे हेच विष! नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप ते अडवतं.

आजार दुर्मीळ आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात तो पहिल्यांदा ओळखला गेला. आणि चकवाही देतो. आतड्याचा संसर्ग, पण जुलाब नाहीत, ताप बहुधा नाही, उलट शी अडते. आता, अंगावर पिणाऱ्या बाळाला चार दिवस शी झाली नाही, तर एरवी त्यात विशेष काही नसतं. म्हणून दिवस मोजू नका, बाळाकडे बघा. पापण्या मिटायला लागल्यात? काल घर डोक्यावर घेणारं रडणं आज मांजराच्या पिल्लाएवढं झालंय? दूध ओढताना दमतंय? धरलेली मान पुन्हा लुळी पडतेय? ‘किती शांत झालंय गं’ म्हणत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. कारण पुढची पायरी श्वासाची आहे.

आणि मध दिला असेल तर डॉक्टरांना सांगा. सासूबाई शेजारी उभ्या असल्या तरी सांगा. कारण जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स या आजारात स्नायू आणखी लुळे करू शकतात. या आजारावर विष निकामी करणारं अँटिबॉडीचं औषध आहे, अमेरिकेत २००३ पासून मान्यता आहे. वेळेत आधार मिळाला तर बहुतेक बाळं बरी होतात, पण कधीकधी कित्येक आठवडे व्हेंटिलेटरवर काढून.

“आमचा मध शुद्ध, जंगलातला.” शुद्ध मधातही बीजाणू असू शकतात. “उकळून देतो.” साध्या उकळीने ते मरत नाहीत, दाबाखाली १२१ अंश लागतात.

खरं सांगायचं तर अनेक बाळांना हे बीजाणू धुळीतून, मातीतून मिळतात. ते आपल्या हातात नाही. मधाची बाटली आहे. आमच्याकडे ती वरच्या फळीवर गेलीय, झाकणावर पट्टी चिकटवून. पट्टीवर भाचीच्या पहिल्या वाढदिवसाची तारीख.