माथ्यावरचा साक्षीदार

मंडळी, डोंगरात धावणारा माणूस म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. लांबच लांब धार, वर मोकळं आभाळ आणि त्या धारेवर एकटाच निघालेला एक ठिपका. बूट विकणाऱ्यांना हे चित्र फार आवडतं. माझं आजचं बोलणं या चित्राशी भांडणारं आहे. ब्रिटनमध्ये हा खेळ दीडशे वर्षांहून जुना आहे. उत्तर इंग्लंडात त्याला फेल रनिंग म्हणतात, स्कॉटलंडात हिल रनिंग. त्याचा इतिहास चाळताना मला सगळीकडे माणसांचा घोळकाच दिसतो. क्लब काढून घेतला, तर हा खेळ उभाच राहत नाही.

बॉब ग्रॅहॅमपासून सुरुवात करू. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिक नावाचं गाव आहे. तिथे हा गृहस्थ गेस्ट हाउस चालवायचा. जून १९३२मध्ये त्यानं २४ तासांच्या आत ४२ माथे पालथे घातले. अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे, एकूण चढाई ८,२०० मीटरच्या आसपास, पायात टेनिसचे बूट. गावातल्या मूट हॉलपासून निघून तो २३ तास ३९ मिनिटांनी तिथेच परत आला. या कथेत एक गोष्ट नेहमी घाईत सांगितली जाते. त्याच्यासोबत टप्प्याटप्प्यानं मित्र धावत होते. वाट दाखवायला, सोबतीला आणि हा खरंच माथ्यावर गेला होता हे सांगायला.

पुढची २८ वर्षं हे कुणाला जमलं नाही. १९६०मध्ये ॲलन हीटननं ते करून दाखवलं आणि मग ओघ सुरू झाला. १९७१मध्ये या फेरीचा स्वतंत्र क्लब निघाला. त्याचं सभासदत्व पैशानं मिळत नाही. ४२ माथे, २४ तास आणि प्रत्येक माथ्यावर सोबत कुणीतरी साक्षीदार. एका माथ्यावर साक्षीदार नसेल तर फेरी पुरी केलेली तुम्हाला ठाऊक, क्लबाला नाही.

आता हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते बघा. फेरीचे पाच टप्पे. मधे चार ठिकाणी डांबरी रस्ता लागतो: थ्रेल्केल्ड, डनमेल रेझ, वॉसडेल हेड आणि हॉनिस्टर. प्रत्येक ठिकाणी गाडी लावून कुणीतरी थांबलेलं असतं. स्टोव्हवर चहा, कोरडे मोजे, टॉर्चचे जादा सेल. टप्प्यागणिक दोघं-तिघं ताज्या दमाचे सोबती निघतात. एकजण पुढे राहून वाट काढतो, दुसरा पाणी आणि खाणं वाहतो, तिसरा दर माथ्यावर घड्याळ बघून वेळ लिहितो. ज्याची फेरी आहे त्यानं फक्त पाय चालवायचे आणि तोंडात कोंबलेलं गिळायचं. पंधरा-सोळा तासांनंतर तेही नकोसं होतं. मग सोबत्यांनी कधी गोडीगुलाबीनं, कधी दटावून खायला लावायचं.

तिसऱ्या टप्प्यात स्काफेल पाइक आणि स्काफेल या दोन शिखरांच्या मधे ब्रॉड स्टँड नावाचा कातळ लागतो. उंची फार नाही, पण ओला असला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून क्लबातला एखादा गिर्यारोहक आधीच तिथे जाऊन दोर बांधून बसतो. धावणारा उशिरा येणार असेल तर हा तासन्‌तास धुक्यात कुडकुडत थांबणार. तो आला की दोर, दोन मिनिटांत वर, एक ‘थँक्स’ आणि पसार. यानं दोर गुंडाळायचा आणि एकट्यानं उतरायचं. निकालाच्या कागदावर याचं नाव कुठेही येत नाही.

मग माणूस हे का करतो? शेतकऱ्याला इर्जिक समजावून सांगावी लागत नाही. इथेही हिशेब तोच आहे. तुमच्या फेरीला आठ-दहा जणांनी रात्र जागवली असेल, तर पुढची काही वर्षं त्यांच्या आणि त्यांच्या ओळखीच्यांच्या फेऱ्यांना तुम्ही जायचं. कुणी वहीत मांडत नाही, पण सगळ्यांच्या लक्षात असतं. दोन हजारांहून अधिक माणसं आजवर या क्लबात आली आहेत. प्रत्येकामागे किती साक्षीदार असतील, तुम्हीच अंदाज करा.

यावर एक आक्षेप हमखास येतो. इतक्यांनी मदत केली तर पराक्रम कुणाचा? दुसरा सामान वाहतोय, तिसरा वाट दाखवतोय, मग तुम्ही काय केलंत? मला हा आक्षेप पोकळ वाटतो. आठ हजार मीटरची चढाई उसन्या पायांनी होत नाही. मदत न घेता, सगळं पाठीवर घेऊन एकट्यानं फेरी करणारेही आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ती रीत वरच्या दर्जाची आणि सोबतीची खालच्या, ही उतरंड मला मान्य नाही.

१९८२मध्ये बिली ब्लंड या स्थानिक गवंड्यानं ही फेरी १३ तास ५३ मिनिटांत केली. तो विक्रम ३६ वर्षं टिकला. २०१८मध्ये किलियन जोर्नेट आला. जगातला सर्वांत नावाजलेला डोंगर-धावपटू, पण इथल्या वाटा त्याच्या पायाखालच्या नव्हत्या. त्याला सोबत दिली इथल्याच क्लबातल्या धावपटूंनी. म्हणजे आपल्याच गावच्या माणसाचा विक्रम मोडायला गावातली पोरं मदत करत होती! १२ तास ५२ मिनिटांत तो मूट हॉलला पोचला तेव्हा खुद्द ब्लंड तिथे हजर होता.

आता शर्यतींकडे येतो. त्यांची वर्गवारी मोठी गमतीदार आहे. चढाईवरून अ, ब, क अशा प्रती आणि अंतरावरून लांब, मध्यम, आखूड असे प्रकार. इंग्लंडात ‘अ’ म्हणजे किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ आणि रस्त्याचा भाग पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. २० किलोमीटर आणि त्यापुढे लांब, १० किंवा कमी आखूड. नवखा माणूस ‘आखूड’ वाचून खूश होतो आणि ‘अ’ वाचायचं विसरतो. मग पहिल्याच चढाला गुडघ्यांवर हात टेकून चालायची वेळ येते. त्यात लाज नाही, पहिल्या दहातलेही चालतात. खरी गंमत उतारावर कळते. घसाऱ्यावरून, ओल्या गवतावरून, पुढचं पाऊल कुठे पडणार हे पुरतं ठरायच्या आत शरीर सोडून द्यायचं. हे शिकवता येत नाही. जुन्या माणसाच्या मागे मागे उतरत राहिलं की हळूहळू अंगात मुरतं.

बऱ्याच शर्यतींत वाट आखलेली नसते. चेकपॉइंट ठरलेले, मधला रस्ता तुमचा तुम्ही शोधायचा. म्हणून अंग पूर्ण झाकेल असा वॉटरप्रूफ पोशाख, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि अडचणीच्या वेळचं खाणं सोबत बाळगण्याची सक्ती असते. सुरुवातीलाच पिशव्या तपासतात. ऊन पडलंय म्हणून कुणी कुरकुर केली तर त्याला घरी पाठवतात, आणि ते बरोबरच आहे.

चेकपॉइंटवर दोन माणसं लागतात. एक छातीवरचा नंबर वाचून ओरडणार, दुसरा लिहिणार. लिहायला पेन्सिल, कारण भिजलेल्या कागदावर पेन चालत नाही. वारा असा की शेजारच्याचा शब्द कानात शिरत नाही आणि धावणाऱ्यानं नंबरावरच जाकीट चढवलेलं. मग त्यानं स्वतःच नंबर ओरडायचा. हे काम कंटाळवाणं वाटलं तरी सगळी शर्यत त्याच्यावर तोललेली असते. किती निघाले, किती पोचले, यात एकाचाही फरक असेल तर क्लबाची माणसं घरी जात नाहीत. म्हणून एक नियम फार कडक: शर्यत अर्धवट सोडलीत तरी शेवटच्या रेषेपाशी येऊन सांगायचं. न सांगता गाडीत बसून निघून गेलात, तर इकडे बचाव पथक अंधारात तुम्हाला शोधत फिरेल. असं करणाऱ्याला क्लबात कुणी सहज माफ करत नाही.

या सगळ्या आपुलकीला काळी बाजूही आहे, ती झाकायला नको. कितीतरी काळ इथे दोन जाती होत्या. ग्रासमिअरसारख्या गावच्या जत्रेतल्या खेळांत रोख बक्षीस लावून धावणारे व्यावसायिक आणि क्लबांतून धावणारे हौशी. एकदा पैसे घेतले की हौशींच्या शर्यती बंद. डोंगर तेच, बऱ्याचदा गावंही तीच. केनी स्टुअर्ट आधी व्यावसायिक म्हणून धावायचा. ऐंशीच्या दशकात त्याला हौशींमध्ये परत घेतलं आणि १९८४मध्ये त्यानं बेन नेव्हिस या ब्रिटनमधल्या सर्वांत उंच डोंगरावरची शर्यत १ तास २५ मिनिटं ३४ सेकंदांत मारली. पुढची चाळीस वर्षं तो विक्रम कुणाला मोडता आला नाही. त्याला बाहेरच ठेवलं असतं तर नुकसान कुणाचं झालं असतं?

बायकांच्या बाबतीत तर आणखी वाईट. १९५५मध्ये कॅथलीन कोनोकी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला याच बेन नेव्हिसवर धावायचं होतं. अधिकृत परवानगी नाही. ती पुरुषांच्या मागून निघाली आणि शर्यत पुरी केली. एडिंबराच्या कार्नेथी क्लबाची जास्मिन पॅरिस २०१९मध्ये स्पाइन रेस या कित्येक दिवस चालणाऱ्या हिवाळी शर्यतीत पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढे आली. मधल्या थांब्यांवर ती तान्ह्या मुलीसाठी दूध काढून ठेवत होती. या दोघींच्या मधे ६४ वर्षं गेली. मला विचाराल तर फारच जास्त.

शर्यतीनंतरचं जग वेगळंच. चिखलानं माखलेले पाय ओढ्यात धुवायचे आणि गावच्या हॉलमध्ये किंवा पबमध्ये जमायचं. सूप, चहा, सभासदांनी घरून आणलेले केक. बक्षीस बहुधा वाइनची बाटली. चाळिशी, पन्नाशी, साठी, सत्तरीचे वेगवेगळे गट, त्यामुळे टाळ्या खूप वेळ चालतात. कुणी कुठे वाट चुकलं याची चर्चा मात्र निकालापेक्षा लांबते. हिवाळ्यात डोक्याला टॉर्च लावून आठवड्यातून एकदा सराव, उन्हाळ्यात कामाच्या दिवशी संध्याकाळच्या छोट्या शर्यती, वर्षाअखेर क्लबाचं जेवण. क्लबाची स्वतःची गुणतालिकाही असते. तिच्यावरून होणारी भांडणं वर्षभर पुरतात.

आणि शेतकरी. डोंगर मेंढ्यांचा, धावणारे पाहुणे. विण्याच्या दिवसांत मेंढ्यांच्या कुरणांतून जायचं नाही, कुंपणाच्या भिंती चढायच्या नाहीत, गाड्या तो म्हणेल त्याच शेतात लावायच्या. २००१मध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली तेव्हा डोंगर बंद झाले आणि शर्यती रद्द झाल्या. साथ सरल्यावर परत परवानग्या मिळवायला जी माणसं दारोदार गेली, ती क्लबाचीच. गर्दी वाढू नये म्हणून बऱ्याच शर्यतींत धावणाऱ्यांची संख्या आजही मर्यादित ठेवतात. नाव पहिल्या झटक्यात लागेलच असं नाही. ज्यांना तिकडे जाऊन धावायचं आहे त्यांना मी सांगतो, आधी क्लबाला कळवा की एका शर्यतीला चेकपॉइंटवर उभं राहीन. तिथे माणसं नेहमीच कमी पडतात. पेन्सिल ते देतील, जाड जाकीट आपलं आपण न्यायचं.