बोलण्यातून गाण्यात

श्रोतेहो, नमस्कार. गॅदरिंगला, गणपतीत किंवा स्पर्धेसाठी संगीत नाटक बसवायला घेणाऱ्या मंडळींसाठी आजचं हे बोलणं आहे.

पहिल्याच तालमीला नांदी, सूत्रधार, साकी, दिंडी हे शब्द ऐकून नवखी मुलं बावरतात. त्यांना आपल्याकडचा गोंधळ आठवायला सांगा. तुळजापूर-माहूरच्या देवीला आधी आवाहन, मग आख्यान. नाईक कथा लावतो, साथीदार मधेच प्रश्न विचारून ती पुढं नेतो, मागं संबळ-तुणतुणं. नाटकात आवाहनाची जागा नांदी घेते, नाइकाची सूत्रधार, आणि त्याच्याशी बोलायला नटी किंवा विदूषक येतो.

1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तेव्हा पदं सूत्रधारच म्हणायचा. पात्रं आपल्या मनानं संवाद बोलायची. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि पद पात्राच्या तोंडी गेलं. तेव्हापासून बोलता बोलता गायचं, हे नटाचं काम झालं. संगीत नाटक पडतं ते बहुतेक वेळा याच सांध्यावर.

होतं काय, तर वाक्य संपतं, नट थांबतो, पेटीवाल्याकडं बघतो, सूर मिळाला की गायला लागतो. तेवढ्या तीन-चार सेकंदांत प्रसंग गार पडतो. म्हणून ऑर्गनवादकाच्या हातात नुसती पदांची वही देऊ नका, पूर्ण संहिता द्या. पदाच्या आधीची दोन वाक्यं सुरू झाली की त्यानं षड्ज, म्हणजे पदाचा 'सा', हलकेच धरून ठेवावा. नटानं शेवटचे शब्द त्या सुराच्या जवळ आणावेत आणि पदाची पहिली ओळ ठेक्याविना, बोलल्यासारखी उचलावी. तबला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊ द्या. ही जागा रोज वेगळी काढून दहा-दहा वेळा घोटावी लागते. त्याला पर्याय नाही.

साकी आणि दिंडी ही छंदांची नावं. साकीच्या चरणात 28 मात्रा, दिंडीच्या चरणात 19, आणि नऊ मात्रांनंतर विसावा. दोन्ही जवळजवळ बोलण्याच्याच चालीची. त्यांत ताना घातल्या की शब्द बुडतात. गळा दाखवायला रागातलं पद आहेच.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला 'सा' धरून गायचं ते, पहिल्या आठवड्यातच ठरवा. पुरुष काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला 'सा' धरून, गात असेल आणि बाई काळी चारमध्ये, तर दोघांत पाच सुरांचं अंतर पडतं, कारण काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. दोघांचं एकत्र पद एकाच्याच पट्टीत लावलं, तर दुसऱ्याचा एक तर वरचा सूर फाटतो, नाहीतर खालचा लागत नाही. त्यानं थोडं चढावं, तिनं थोडं उतरावं, आणि चालीतली फार वरची जागा सरळ बदलून घ्यावी. चाल नटापेक्षा मोठी नाही.

आता उघड्या मैदानातल्या प्रयोगाविषयी. आपल्याकडं हिवाळ्यात रात्री दव पडतं. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल धरते, सैल पडते आणि तबला उतरतो. ऑर्गन मात्र होता तिथंच राहतो. दुसऱ्या अंकापासून गाणारा बेसूर वाटायला लागतो आणि बोल त्यालाच बसतो. त्यासाठी तबला उघडा ठेवू नका, गवसणीत झाकून ठेवा. प्रत्येक अंकाआधी पडद्यामागं हातोडीनं गठ्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, ठोकून तो ऑर्गनच्या षड्जाशी पुन्हा लावून घ्या. जमलं तर त्याच पट्टीचा दुसरा तबला जवळ असू द्या.

आणि वन्समोअर आला, तर पद कुठल्या ओळीपासून उचलायचं, हे नट, ऑर्गन आणि तबला या तिघांत आधीच ठरलेलं असू द्या. नमस्कार.