मनगटातली धमनी कुणासाठी राखायची?

नमस्कार श्रोतेहो. मी भूलतज्ज्ञ आहे, नागपुरातच काम करते. आज बोलायचंय ते मनगटातल्या धमनीबद्दल. अंगठ्याच्या मुळाखाली बोटं ठेवली की जी नाडी लागते, ती ही रेडियल आर्टरी. ऐकता ऐकता एकदा हात लावून बघाच. जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर रुंदीची नळी. कातडीच्या लगेच खाली असते, मागे हाडाचा आधार असतो. त्यामुळे सुई घालायला सोपी आणि रक्त आलं तर दाबून थांबवायलाही सोपी.

म्हणूनच ती सगळ्यांना हवी असते. मोठ्या ऑपरेशनमध्ये क्षणाक्षणाचं बीपी बघायला मी स्वतः तिच्यात बारीक नळी घालते. आयसीयूत रक्तातला ऑक्सिजन तपासायला हीच धमनी टोचतात. पण या लहान गोष्टी झाल्या. खरी मागणी पुढे आहे.

पूर्वी अँजिओग्राफी, म्हणजे बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, मांडीतून व्हायची. पेशंट तासन् तास पाय न हलवता पडून राहायचा, आणि मांडीत आतल्या आत रक्तस्राव झाला तर तो कळायलाही उशीर व्हायचा. 1989 मध्ये माँट्रियलच्या डॉ. कांपो यांनी मनगटातून अँजिओग्राफी करता येते हे दाखवलं. काही वर्षांतच ॲमस्टरडॅमच्या डॉ. कीमेनी यांनी त्याच वाटेनं स्टेंट, म्हणजे अरुंद रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवला. आता पेशंट थोड्याच वेळात उठून चहा पितो. हार्ट अटॅकमध्ये तर या वाटेनं रक्तस्राव कमी होतो आणि जीव जास्त वाचतात. तेव्हा अटॅक आलेला असताना कुठल्या हातातून करायचं यावर कुणी वाद घालत बसू नका. डॉक्टरांना काम करू द्या.

पण जिथे विचार करायला वेळ असतो, तिथे तो केलाच पाहिजे. काटोलकडचे एक काका आठवतात. संत्र्याची बाग, वीस वर्षांचा मधुमेह, रक्तातलं क्रिएटिनिन वाढत चाललेलं, म्हणजे किडनी थकत चाललेली. अँजिओग्राफी ठरलेली होती, घाई नव्हती. काका म्हणाले, "मॅडम, उजव्या हातानंच तं सारं काम करतो मी. डाव्यातून करा नं." ऐकायला किती रास्त! पण किडनीच्या पेशंटचा डावा हातच आधी राखून ठेवायचा असतो. पुढे डायलिसिस लागलं, तर याच धमनीला शेजारची शीर जोडून फिस्टुला करतात, आणि तो शक्यतो कमी कामाच्या हाताला. ही पद्धत न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1966 मध्ये मांडली, आजही तिच्यापेक्षा टिकाऊ सोय नाही. शीर फुगून सुई घेण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने लागतात. चांगल्या फिस्टुलावर बोट ठेवलं तर खाली सतत थरथर लागते. ती थरथर थांबली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही.

अँजिओग्राफीनंतर धमनी बंद पडू शकते. शंभरातल्या एक ते दहा जणांची पडते. बहुतेकांना पत्ताही लागत नाही, कारण तळहाताला करंगळीकडून दुसरी धमनी रक्त पुरवते. हात चालतो, पण फिस्टुलासाठी ती धमनी गेली. म्हणून किडनी कमजोर असेल तर मांडीची वाट घ्यायची का, हे आधी विचारायला हवं. काकांची अँजिओग्राफी शेवटी मांडीतूनच झाली.

बायपासचीही तीच गोष्ट. फ्रान्समध्ये 1970च्या दशकात ही धमनी हृदयावर लावून बघितली, पण ती आकसून बंद पडायची, म्हणून सोडून दिली. आकस रोखणारी औषधं आली, काढायची पद्धत सुधारली आणि ती परत आली. हृदयाची रक्तवाहिनी चांगलीच अरुंद झालेली असेल, तर तिथे ही पायाच्या शिरेपेक्षा जास्त वर्षं चालते. मात्र जिच्यातून नुकतीच अँजिओग्राफी झाली, तिचं आतलं अस्तर दुखावलेलं असतं. सर्जन ती लावायला कचरतात, आणि बरोबरच आहे.

आता ज्याबद्दल मला सर्वात कळकळीनं बोलायचंय ते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण. आपल्या विदर्भात चौकाचौकात तो घोटला जातो, आणि तिशीतली मुलं तोंडाचा कॅन्सर घेऊन आमच्या टेबलावर येतात. जिभेचा किंवा गालाचा तुकडा काढल्यावर तिथे काहीतरी बसवावं लागतं. हाताची कातडी पातळ, मऊ. ती या धमनीसकट उचलून मायक्रोस्कोपखाली गळ्यातल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. मग तो माणूस परत गिळायला आणि बोलायला लागतो. पण हाताची धमनी कायमची जाते. हातावरची जखम झाकायला मांडीची कातडी लागते, पुष्कळदा अंगठ्याकडे काही काळ बधिरपणा राहतो.

म्हणून धमनी काढण्याआधी हाताची परीक्षा होते. मूठ घट्ट आवळायची, डॉक्टर मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबून धरतात. मूठ उघडली की तळवा पांढरा दिसतो. मग करंगळीकडची सोडतात. काही सेकंदांत तळव्यावर लाली आली, तर ती एकटी हात सांभाळेल असं समजतात. 1929 च्या ॲलन टेस्टचं हे सुधारलेलं रूप. नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही, म्हणून शंका असेल तर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करतात.

तर फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: कोणत्या हातातून अँजिओग्राफी झाली, कधी झाली, क्रिएटिनिन किती आहे. गडचिरोली, बालाघाटहून येणाऱ्यांच्या फाईली अनेकदा वाटेत सुटतात. मोबाईलमध्ये फोटो तरी असू द्या.

आणि अँजिओग्राफी करून घरी आलात, तर एक-दोन दिवस त्या हातानं बादली उचलू नका, गाडी चालवू नका, पलंगावरून उठताना त्याच्यावर भार देऊ नका. रक्त आलं तर त्या जागी अंगठ्यानं घट्ट दाबा, हात वर धरा आणि दाब न सोडता दवाखान्यात निघा. हात टणक सुजला, बोटं गार-निळी पडली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच जा. नमस्कार.