अंग चोरून उभा असलेला माणूस

पडद्यावरचं चित्र नीट दिसतंय ना सगळ्यांना? मागच्यांनी दिवे मालवायला सांगितले होते, ते बरं झालं.

हे इटलीतल्या फ्लॉरेन्समधलं. नदीच्या पलीकडच्या बाजूला सांता मारिया देल कार्मिने नावाचं चर्च आहे, त्यातल्या ब्रांकाच्ची चॅपेलमधलं, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनागृहातलं, हे मासाच्चो या चित्रकाराचं भित्तिचित्र. विषय बायबलमधला. येशूचा शिष्य पीटर याचं प्रवचन ऐकून एका दिवसात तीनेक हजार लोकांनी बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, घेतला, अशी कथा आहे. चित्रकाराने तीन हजारांतली मोजकी माणसं घेतली. डावीकडे पीटर, हातात वाडगं. समोर नदीत गुडघे टेकून, हात जोडून बसलेला धिप्पाड तरुण, आणि त्याच्या डोक्यावर पडणारं पाणी. बहुतेकांची नजर तिथेच थांबते, आणि ते साहजिकच आहे, कारण धर्माच्या दृष्टीने घटना तिथेच घडतेय.

आता त्याच्या उजवीकडे, जरा मागे बघा. कमरेला फक्त एक पंचा. दोन्ही हात छातीशी आवळून धरलेले, खांदे वर ओढलेले, मान खाली. पुढचा नंबर याचा आहे. आणि हा माणूस काकडतोय.

चित्र स्थिर असतं आणि हुडहुडी म्हणजे थरथर. मग ती दाखवायची कशी? रेषा हलवून दाखवता येत नाही, ती व्यंगचित्रातली युक्ती. मासाच्चोने थरथर रंगवलेलीच नाही. थंडीत माणूस स्वतःच्या अंगाचं काय करतो, ते त्याने रंगवलं. आपण म्हणतो ना, अंग चोरून उभा आहे, अगदी तसं. शरीराने शक्य तेवढी कमी जागा घ्यायची, ऊब आतल्या आत धरून ठेवायची. थरथर आपण आपल्या अंगातून त्याला देतो.

सव्वाशे वर्षं मागे जाऊ. पादुआ शहरात जोत्तो या चित्रकाराने १३०५ च्या सुमारास काढलेलं येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्र आठवा. तिथे नदीचं पाणी येशूच्या कमरेपर्यंत ढिगासारखं चढलंय. जोत्तो माझा अतिशय लाडका, पण त्या पाण्याने कुणाला सर्दी होणार नाही. ते पाणी म्हणजे खूण आहे. मासाच्चोचं पाणी गार आहे, आणि ते गार आहे हे त्याने पाणी रंगवून सांगितलेलं नाही, शेजारचा माणूस रंगवून सांगितलंय. मला या चित्रातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते.

चित्रकाराबद्दल थोडं. खरं नाव तोमासो, जन्म १४०१ चा. तोमासोचं मासो झालं आणि त्याचं मासाच्चो, म्हणजे साधारण ‘गबाळा तोम्या’. पैसा, कपडे, कशाकडेच याचं लक्ष नसायचं म्हणे. गंमत म्हणजे याच चॅपेलमध्ये त्याच्याबरोबर काम करणारा थोरला चित्रकारही तोमासोच, पण त्याला म्हणायचे मासोलिनो. हे लाडाचं नाव. फेलिचे ब्रांकाच्ची या रेशीम व्यापाऱ्याच्या घराण्याचं हे चॅपेल, काम १४२४ च्या सुमारास सुरू झालं. मासाच्चो ते अर्धवट टाकून रोमला गेला आणि १४२८ मध्ये तिथेच वारला, वयाची २७ वर्षंही पुरी न करता. उरलेलं काम १४८० च्या दशकात फिलिप्पिनो लिप्पीने पुरं केलं.

आणि हे सगळं ओल्या गिलाव्यावर, म्हणजे फ्रेस्को. चुना आणि वाळूचा गिलावा भिंतीवर लावायचा, तो ओला असेपर्यंत नुसत्या पाण्यात कालवलेला रंग चढवायचा. हवेशी संयोग होऊन चुन्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्यात अडकून बसतो. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. चुकलं तर तुकडा खरवडून पुन्हा पहिल्यापासून. (अजिंठ्याच्या चित्रांनाही आपण सर्रास फ्रेस्को म्हणतो. ती तशी नाहीत, तिथे वाळलेल्या गिलाव्यावर, रंगात चिकटद्रव्य मिसळून काम केलंय.) तेव्हा हा काकडणारा माणूस रेंगाळत, खोडत, सुधारत काढलेला नाही. चुना वाळायच्या आत त्याला उभा करायचा होता.

उजेडाकडेही बघा. चॅपेलच्या मधल्या भिंतीत खरी खिडकी आहे आणि हे चित्र तिच्या उजव्या हाताला. चित्रातला उजेडही डावीकडूनच येतो, जणू त्याच खिडकीतून. दंडाची एक कड उजळलीय, दुसरीकडे सावली. म्हणून तो भिंतीवर सपाट चिकटलेला दिसत नाही, भिंतीच्या पुढे येतो.

व्हाझारी नावाच्या इटालियन चित्रकाराने सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिली, तेव्हा या एका नागड्या, गारठलेल्या माणसाची त्याने मुद्दाम वाखाणणी केली. जुने-नवे सगळे चित्रकार त्याला मान देत आलेत, असं लिहिलं. लोक इथे वही घेऊन शिकायला यायचे. मायकेलएंजेलोही पोरवयात यायचा. तोरिजानो नावाच्या सोबत्याने ठोसा मारून त्याचं नाक मोडलं ते याच अभ्यासाच्या काळात. तोरिजानोच्या म्हणण्याप्रमाणे मायकेलएंजेलो सगळ्यांच्या चित्रांची टर उडवायचा. असेलही.

१७७१ च्या आगीत चर्चचं बरंच नुकसान झालं, चॅपेल वाचलं पण काळवंडलं. १९८० च्या दशकात साफसफाई झाली. याच चॅपेलमधल्या ॲडम आणि ईव्हच्या चित्रांवर सतराव्या शतकात कुणीतरी लाजेखातर पानं रंगवून ठेवली होती, तीही तेव्हा निघाली. आपल्या माणसाला त्याची गरज पडली नव्हती, पंचा होताच.

एक सांगून ठेवतो, तिथे गेलात तर उपयोगी पडेल. आत ठरावीक माणसं, ठरावीक वेळ. सगळे डावीकडच्या मोठ्या चित्रापाशी गर्दी करतात, मग रडणाऱ्या ईव्हसमोर, आणि वेळ संपते. आपला माणूस वर, खिडकीला लागून आहे. खिडकीचा उजेड थेट डोळ्यांवर येतो, त्यामुळे पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. हाताचा आडोसा करायचा आणि थांबायचं. मी गेलो तो फेब्रुवारी होता, दगडी फरशीचा गारठा बुटातून वर चढत होता. वेळ झाल्याचं सांगायला रखवालदार बाई आल्या, माझ्याकडे पाहिलं, मग वर चित्राकडे पाहिलं आणि हसल्या. हात केव्हा छातीशी घेतले होते, माझं मलाच कळलं नव्हतं.