काळा अष्टकोन

पडद्यावर दिसणारा न्याहारीच्या सीरियलचा हा खोका चिली देशातला आहे. त्याच्या दर्शनी बाजूला, वरच्या कोपऱ्यात, आठ कोनांचे दोन काळे शिक्के छापलेले आहेत. 'उष्मांक जास्त' आणि 'साखर जास्त' अशा अर्थाचे स्पॅनिश शब्द त्यांवर पांढऱ्या अक्षरांत असून, कॅमेरा अगदी जवळ नेल्यावर त्यांच्याखाली बारीक टाइपातले आरोग्य मंत्रालयाचे नावही वाचता येते. रस्त्यावरची 'थांबा' सांगणारी पाटीही याच आकाराची असते.

हा शिक्का खोक्यावर यायला नऊ वर्षे गेली. पेशाने डॉक्टर असलेले सिनेटर गिदो जिरार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये विधेयक मांडले. 2012 मध्ये त्याचा कायदा झाला, परंतु नियमावली ठरवण्यात पुढची वर्षे गेली आणि प्रत्यक्ष अंमल 27 जून 2016 रोजी सुरू झाला. खरा प्रश्न साखर, उष्मांक वगैरे 'जास्त' आहेत की नाही हे मोजायचे कशावर, हा होता. 'एका वेळच्या वाढणी'वर मोजले, तर पाकिटावर वाढणी लहान छापली की आकडाही आपोआप लहान होतो, आणि ही पळवाट न समजण्याइतके कोणतेही उत्पादक भोळे नसतात. नियमावलीने म्हणूनच 100 ग्रॅम किंवा 100 मिलिलिटर हेच माप धरले. घन पदार्थांत साखरेची मर्यादा 2016 मध्ये 22.5 ग्रॅम होती, 2018 मध्ये ती 15 वर आणि 2019 मध्ये 10 ग्रॅमवर आणली गेली. त्यामुळे पहिल्या वर्षी कोरे सुटलेले काही पुडे पाककृती न बदलता पुढे शिक्क्यास पात्र ठरले. मर्यादा वरून घातलेल्या साखर, मीठ व संपृक्त मेदासाठी असल्याने ताज्या फळांना आणि साध्या दुधाला शिक्का लागत नाही.

आता खोक्याची मधली जागा पाहा. सीरियलच्या खोक्यांवर इथे एरवी एखादा हसरा प्राणी असायचा. शिक्का बसलेल्या मालावर 14 वर्षांखालील मुलांना भुलवणारी चित्रे, खेळणी व जाहिराती यांना बंदी आली, तसेच तो शाळेत विकण्यासही मनाई झाली.

कायद्याच्या पहिल्या टप्प्यानंतर शिक्क्याच्या गोड पेयांची घरगुती खरेदी जवळपास एक चतुर्थांशाने घटल्याचे अभ्यासात आढळले. मुलांमधील स्थूलतेचे प्रमाण मात्र अजूनही मोठेच आहे. पेरू, उरुग्वे, मेक्सिको आणि अर्जेंटिना यांनी पुढे हाच काळा अष्टकोन स्वीकारला.