व्हिसा होता, मग डोंगर का चढले?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "अमेरिकेचा व्हिसा हातात होता, मग हे लोक पिरेनीज कशाला चढत बसले?" हे लोक म्हणजे हिटलरपासून पळालेले जर्मन लेखक, आणि पिरेनीज म्हणजे फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचे डोंगर. तो प्रश्न आज सोडवून टाकू.

आधीचं भराभर. 1933 ला हिटलर आला, पुस्तकं जाळली, लेखक पळाले, बरेचसे फ्रान्समध्ये. जून 1940 मध्ये फ्रान्स पडला. माहितीये तुम्हाला.

आता गोम. व्हिसा म्हणजे अमेरिकेत शिरायची परवानगी. फ्रान्समधून बाहेर पडायची परवानगी वेगळी! ती विशी सरकार, म्हणजे पराभवानंतर जर्मनीच्या कलाने चालणारं फ्रेंच सरकार, या लोकांना देईना. फ्रान्सने जर्मनीशी केलेल्या शस्त्रसंधीतलं 19वं कलमच तसं होतं: जर्मनी मागेल तो जर्मन माणूस तिच्या ताब्यात द्यायचा.

मी घर बदललं तेव्हाची गंमत सांगतो. नव्या फ्लॅटची चावी खिशात, सामान टेम्पोत, आणि जुन्या सोसायटीचा वॉचमन गेट उघडेना. एनओसी नाही! चावी दाखवून उपयोग काय? गेट जुन्या घराचं अडलंय.

अजून नाही पटलं? नकाशा बघा. अमेरिकेची बोट पकडायची पोर्तुगालमधल्या लिस्बनला. स्पेन-पोर्तुगालमधून जायचे ट्रान्झिट व्हिसा मिळायचे. अडायचं ते फक्त फ्रेंच चौकीवर. म्हणून ती टाळून डोंगरातून जायचं, आणि पलीकडे उतरलं की स्वतःहून स्पेनच्या चौकीत जाऊन शिक्का मारून घ्यायचा. बाहेर चोरून, आत रीतसर. झालं क्लिअर?

आता एक कमेंट, जिच्यामुळे माझं डोकं फिरलं. "लेखकांच्या बायकाही सोबत गेल्या." सोबत? जर्मन कादंबरीकार हाइनरिश मान तेव्हा 69 वर्षांचे. त्यांना त्या चढणीवर आधार देत वर नेणारी कोण, तर त्यांची बायको, नेली मान. आणि मार्ता फॉइश्टवांगर! लेखक लिऑन फॉइश्टवांगरची बायको. ती स्वतः दक्षिण फ्रान्समधल्या ग्यूर्सच्या छावणीत अडकलेली. तिथून निसटली. नवरा नीम शहराजवळच्या दुसऱ्या छावणीत. मार्साय शहरातल्या अमेरिकन कॉन्सुलेटकडून तिने मदत मिळवली. तिथला माणूस गाडी घेऊन गेला आणि लिऑनला बाईचा कोट घालून बाहेर काढलं. याला सोबत म्हणतात?

पुढे स्पेनची चौकी. नवरा-बायको वेगवेगळे गेले, कारण लिऑनची कागदपत्रं दुसऱ्या नावाची आणि मार्ताच्या कागदांवर मात्र फॉइश्टवांगर, नाझींच्या यादीतलं नाव. बाईंनी पिशवीतली कॅमल सिगारेटची पाकिटं टेबलावर ओतली. जकात भरण्यापेक्षा इथेच ठेवते म्हणाल्या. सगळे शिपाई पाकिटांवर तुटून पडले, नाव कोण वाचतंय? शिक्का बसला.

"तिकडे अमेरिकेत जाऊन तरी सुख लागलं का?" असंही एकांनी विचारलंय. हेलेने वायगेलचं बघा, जर्मन नाटककार ब्रेख्तची बायको, बर्लिनमधली गाजलेली नटी. कॅलिफोर्नियात सहा वर्षं काढली. सिनेमात काम मिळालं एक, 1944 मध्ये, तेही बिनसंवादाचं. उच्चार जर्मन, करणार काय?

लिऑन-मार्ताने 1943 मध्ये लॉस एंजेलिसला समुद्राकाठच्या टेकडीवर पडीक बंगला घेतला, तोच व्हिला ऑरोरा. पण लिऑनला अमेरिकन नागरिकत्व शेवटपर्यंत मिळालं नाही. देशाबाहेर पडलो तर परत आत घेतील की नाही, या धास्तीने तो 1958 मध्ये मरेपर्यंत बाहेर गेलाच नाही. म्हणजे अडलं पुन्हा गेटवरच! मार्ता त्यानंतर 1987 पर्यंत, वयाच्या 96 व्या वर्षापर्यंत, त्याच घरात राहिली.